गॅलरीतल्या बाया आणि नकाशातली घरं

आज आम्ही रसायनीहून बोलतोय, मोहोपाड्याच्या बाजूला एकीच्या पडवीत बसून. मागे कोंबड्यांचा आवाज येईल, तो चालवून घ्या. पडवीत का बसलोय, तर आम्हा बायांच्या बैठकीसाठी बांधलेल्या खोलीला कुलूप आहे.

खोली पक्की आहे, रंग दिलेला आहे, वर नावाची पाटी आहे. पण दार उघडतं ते पानटपरीच्या समोर. तीन पायऱ्या आहेत आणि एकेक पायरी गुडघ्याएवढी, त्यामुळे आमच्यातल्या साठीच्या बाया चढतानाच दमतात. खिडकी एकच, तीही डोक्याच्या वर. संडास नाही. पहिल्या वर्षी आम्ही चार बैठका तिथे घेतल्या. मग एकेक जण गळायला लागली आणि बैठक आपोआप पडवीत आली. आता त्या खोलीत मंडपाच्या खुर्च्या आणि सतरंज्या असतात.

महिन्यापूर्वी बचत गटाचा हिशेब चालू असताना एकीने सहज विचारलं, "त्या खोलीचा नकाशा काढला कोणी?" कोणालाच सांगता येईना. कागद वरून आला, ठेकेदार आला, खोली झाली. आमच्यापैकी कोणाला विचारलं होतं का, तर नाही. त्या प्रश्नावरून आम्हाला एका बाईंचं काम आठवलं आणि आजचं बोलणं ठरलं. त्या म्हणजे नीरा आडारकर.

नीराताई मुंबईच्या. शिक्षणाने आणि व्यवसायाने आर्किटेक्ट, म्हणजे इमारतींची रचना करणाऱ्या, आणि त्याच विषयाच्या शिक्षिकाही. शिवाय स्त्री-चळवळीतल्या. आर्किटेक्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बिल्डरच्या जाहिरातीतली काचेची इमारत येते. नीराताई मात्र गिरणगावातल्या चाळीच्या खोल्यांत जाऊन बसल्या आणि म्हाताऱ्या कामगारांना, खानावळवाल्या बायांना, शाहिरांना, युनियनच्या कार्यकर्त्यांना बोलतं केलं. मीना मेनन यांच्याबरोबर त्यांनी गिरणगावाचा तोंडी इतिहास लिहिला. ते पुस्तक २००४ साली इंग्रजीत आलं. नाव त्याचं शंभर वर्षं, शंभर आवाज अशा अर्थाचं. पुढे ते मराठीतही आलं. नंतर २०११ साली त्यांनी मुंबईच्या चाळींवर वेगवेगळ्या अभ्यासकांचे लेख एकत्र करून आणखी एक पुस्तक केलं, त्याच्या नावातच गॅलरी आहे.

आता तुम्ही म्हणाल, मुंबईच्या चाळींचं आम्हा खालापूर-कर्जतच्या बायांना काय? तर ऐका. आपला रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होता, आणि कोकणातून, घाटावरून जी माणसं पोटासाठी गिरणीत गेली त्यांत आपल्याकडचीही होती. आमच्या दोघींचे आजे गिरणीत होते. आजी इथेच, भाताच्या खाचरात. आजा महिन्याला मनीऑर्डर करायचा आणि गणपतीला, शिमग्याला यायचा. गिरणगाव असं अर्धं तिकडे आणि अर्धं इकडे वसलेलं होतं, फक्त इकडचं अर्धं कोणी मोजलं नाही.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. मग लालबाग, परळ, वरळी, नायगाव, भायखळा अशी धुराड्यांची रांगच उभी राहिली. माणसं आली, पण त्यांनी राहायचं कुठे याचा विचार कोणी केला नव्हता. १८९६ साली प्लेग आला, माणसं पटापट मेली, तेव्हा सरकारला जाग आली आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. रस्ते रुंद करायचे, दाट वस्ती पाडायची, नव्या चाळी बांधायच्या. बाबासाहेब आंबेडकर परळला राहायचे ती चाळ याच ट्रस्टची. इतका शिकलेला माणूस, तिथे वीसेक वर्षं राहिला.

चाळ म्हणजे काय ते आपल्यातल्या थोरल्यांना माहीत आहे, धाकट्यांसाठी सांगतो. दहा बाय दहा, फार तर दहा बाय बाराची खोली. अशा खोल्यांची रांग, समोरून लांबलचक गॅलरी, टोकाला सगळ्यांचे मिळून नळ आणि संडास. एका खोलीत एक कुटुंब, किंवा एकाच गावचे पंधरा-वीस बाप्ये. पाळ्या तीन, म्हणून वळकट्याही पाळीपाळीने पसरायच्या. एक उठून कामावर गेला की दुसरा येऊन त्याच जागी पडायचा. आणि ह्या सगळ्यांना जेवू घालायच्या खानावळवाल्या बाया. त्याच दहा बाय दहाच्या खोलीत स्टोव्ह, तिथेच पोरं, तिथेच दहा-वीस माणसांचा डबा. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, सावकाराच्या जागी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपले बचत गट त्याच वाटेवरचे.

गिरणीतसुद्धा बाया होत्या, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. १९२० च्या आगेमागे पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती, बहुतेक सूत गुंडाळण्याच्या खात्यात. रात्रपाळीला बंदी आली, १९२९ साली बाळंतपणाच्या रजेचा कायदा आला, नवी यंत्रं आली, आणि मालकांनी हळूहळू बायाच कमी केल्या. बाळंतिणीसाठी केलेला कायदा बायांनाच महाग पडला. असं आपण किती वेळा पाहिलंय!

आता गोष्ट येते १९२० नंतरची. मुंबई सरकारने विकास खातं काढलं आणि गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचं ठरवलं. बांधून झाल्या सोळा हजारांच्या वर. याच त्या बी.डी.डी. चाळी. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती, प्रत्येकीत ८० खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. सगळ्या एका साच्यातल्या. नकाशा एकदा काढला आणि २०७ वेळा छापला म्हणा ना. कामगाराला काय हवं, त्याच्या बायकोला काय हवं, हे विचारायची पद्धतच नव्हती.

गंमत अशी, की त्याच काळात मुंबई विद्यापीठात एक प्राध्यापक नेमका हाच धडा देत होता, की आधी माणसांना विचारा. ते स्कॉटलंडचे, पॅट्रिक गेडिस. १९१९ साली ते इथे समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्याआधी त्यांनी हिंदुस्थानातली कितीतरी शहरं पायी हिंडून पाहिली होती. सरसकट पाडापाडीला त्यांचा विरोध. ते म्हणत, आधी गल्लीत फिरा, विहीर कुठे, देऊळ कुठे, झाड कुठे, बाया पाणी कुठून आणतात ते बघा, मग जितकं अगदी लागेल तितकंच हलवा.

त्यांची इंदूरची गोष्ट आम्हाला फार आवडली. इंदूर होळकरांचं, तिथे मराठी माणूस पुष्कळ. १९१७-१८ च्या सुमाराला तिथे प्लेग होता. गेडिसबाबांनी दिवाळीला मोठी मिरवणूक काढायचं ठरवलं, आणि जाहीर केलं की मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही, जी गल्ली सर्वांत स्वच्छ असेल तिथून जाईल. झालं! गल्लोगल्ली झाडलोट, रंगरंगोटी सुरू. मिरवणुकीत सफाई कामगार पांढरे कपडे घालून, गळ्यात हार घालून मानाने चालले, अस्वच्छतेचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर जाळला, लोकांना तुळशीची रोपं वाटली. शहर सुधारायचं काम लोकांच्या हातात दिलं की लोक ते करतात, हे त्यांनी करून दाखवलं. मुंबईच्या विकास खात्याने मात्र त्यांच्याकडून काही घेतलेलं दिसत नाही.

तरीही त्या चाळींमध्ये एक गोष्ट अशी होती, की ती नकाशा काढणाऱ्याच्या मनातही नसेल. गॅलरी ठेवली होती जाण्यायेण्यासाठी, हवेसाठी. बायांनी तिचं अंगण केलं. तिथे तांदूळ निवडायचे, पापड वाळत घालायचे, बाळाला न्हाऊ घालायचं, भांडायचं, भांडण मिटवायचं. खालच्या चौकात गणपती बसायचा, भजन व्हायचं, युनियनची सभा व्हायची, आणि बाया वरच्या गॅलरीतून सभा ऐकायच्या. बाईने सभेला जाणं घरच्यांना खपत नसे, पण आपल्याच दारात उभं राहायला कोण नाही म्हणणार? आम्हाला नीराताईंच्या कामातून कळलं ते हे. इमारतीचा एक लांब सज्जा बाईला राजकारणाच्या ऐकू येण्याच्या टप्प्यात आणून ठेवतो. दार आतल्या बाजूला उघडणारं, बंद जिन्याचं घर असतं, तर तिने काय ऐकलं असतं?

१९७२ ची महागाईविरोधी चळवळ तुमच्या आयांना आठवत असेल. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते यांच्याबरोबर हजारो बाया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. आणि बायांनी ठरल्या वेळी घरातूनच थाळ्या वाजवल्या. विचार करा, एका खोलीतली थाळी वाजली तर शेजारीण ऐकेल, पण गॅलरीत वाजली की चाळ ऐकते, समोरची चाळ उत्तर देते. त्यासाठी मंडप लागत नाही, पोलिसांची परवानगी लागत नाही.

पण चाळ म्हणजे स्वर्ग, असं आम्ही म्हणणार नाही. पुरुष लेखकांनी चाळीचं कौतुक जरा जास्तच केलंय, पहाटे चारला नळावर उभं राहावं लागलं असतं तर कौतुक थोडं कमी झालं असतं. पोरीबाळींवर सगळ्या गॅलरीचा डोळा. त्यामुळे त्या सुखरूप असत, आणि त्यामुळेच त्यांचा श्वासही कोंडत असे. अमेरिकेत जेन जेकब्स नावाच्या बाई होत्या, त्यांच्याकडे आर्किटेक्टची पदवी नव्हती, पण १९६१ साली त्यांनी शहरांवर असं पुस्तक लिहिलं की मोठमोठ्या नियोजनकारांना ऐकावं लागलं. त्यांचंही म्हणणं हेच, की रस्ता सुरक्षित राहतो तो दारातून-खिडकीतून बघणाऱ्या माणसांमुळे. खरं आहे. पण कोणाला बघतात आणि कोणाला टोकतात, हेही पाहायला हवं.

आणि जात तर होतीच. गिरणीच्या विणकाम खात्यात दलित कामगारांना घेत नसत, कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे. चाळीही जातीजातीच्या वेगळ्या. पाणी कोणी कुठे भरायचं, ही लढाई शहरातही होती. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं, ते तळं आपल्याच जिल्ह्यातलं. तळं, नळ, पायरी, ओटा ह्या बांधकामाच्या वस्तू आहेत. त्यांच्याजवळ कोणी जायचं आणि कोणी नाही, यावरूनच गावात कोणाला माणूस मानतात ते कळतं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला माहीत आहे आणि सांगताना अजून जड जातं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरण्या काही पुन्हा पहिल्यासारख्या सुरू झाल्या नाहीत. उरली ती जमीन, सुमारे ६०० एकर, मुंबईच्या मध्यात. १९९१ च्या नियमाने ती तीन वाटे करून द्यायची होती: एक मोकळ्या जागेसाठी, एक सामान्यांच्या घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीची करायची, इमारतीखालच्या जमिनीची नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. एका वाक्याच्या फेरफाराने कामगारांच्या वाट्याची जमीन केवढी घटली! म्हणून तर आर्किटेक्ट असून नीराताई आंदोलनाच्या व्यासपीठावर दिसत. रेघ कुठे मारली जाते हे वाचता येणारं माणूस लोकांच्या बाजूला असावं लागतं.

आणि आता ही गोष्ट आपल्या दारात आली आहे. घरांसाठी दीड लाखाहून जास्त कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले. आपल्या शेजारी, पनवेलजवळ कोनला, २०१६ साली दोन हजारांवर घरांची सोडत निघाली, आणि ताबा मिळायला कित्येक वर्षं गेली. मग २०२४ मध्ये सरकारने कर्जत तालुक्यातल्या शेलूला आणि शेजारच्या वांगणीला मिळून ८१ हजार घरांची योजना पुढे आणली. कामगार म्हणाले, आमची गिरणी मुंबईत, आमचा घाम मुंबईत, घरही मुंबईतच द्या. २०२५ च्या जुलैमध्ये आझाद मैदानावर त्यासाठी मोर्चा झाला. आम्हाला त्यांचं म्हणणं पटतं. पण आम्ही कर्जतच्या बाया म्हणून आणखी एक विचारतो. इतक्या घरांना पाणी कोणत्या नदीचं? लोकलमध्ये आधीच पाय ठेवायला जागा नसते, तिथे काय होणार? शेलूच्या बाईलाही ह्यात तोंड उघडायला जागा हवी.

तिकडे वरळीच्या बी.डी.डी. चाळींच्या जागी टॉवर झाले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या, १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फूट. घरात संडास! त्याला कोण नाही म्हणेल? आम्हीही धावत गेलो असतो. फक्त गॅलरीच्या जागी लिफ्टसमोरचा बोळ आला, दारं बंद झाली. तांदूळ निवडायला आता कुठे बसायचं आणि सभा कुठून ऐकायची, हे त्या बाया शोधून काढतीलच. त्यांनी पूर्वीही काढलं होतं.

आपल्या रसायनीचंही पाहा. १९६० साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी निघाली, इथे कारखाना आला, आणि रसायनावरून गावाचं नावच रसायनी पडलं. कारखान्याबरोबर कॉलनी आली. सरकारी कॉलनीत पगाराप्रमाणे घर, साहेबाचं वेगळं, कामगाराचं वेगळं, आणि ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचं गाव कुंपणाबाहेर. २०१७ मध्ये केंद्र सरकारने इथला कारखाना बंद करायचं ठरवलं. कोण कुठे राहतं यावरून कोणाचा शब्द चालतो, हे आम्ही त्या कुंपणाच्या ह्या बाजूने लहानपणापासून शिकलो.

आणि इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ ची रात्र. इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकरवाडी दरडीखाली गेली. २७ जणांचे मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. वाचलेल्यांना चौकजवळ आधी कंटेनरमध्ये ठेवलं, मग सिडकोने पक्की घरं बांधून दिली. घरं मजबूत आहेत, रस्ता आहे, दवाखाना जवळ आहे. पण कारवीच्या कुडाचं घर, शेणाने सारवलेला ओटा, चुलीवरचा माळा, मागचं परस ही नुसती गरिबी नव्हती. माळ्यावर धूर लागून बियाणं टिकायचं, ओट्यावर म्हातारी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची. नव्या घरात बियाणं कुठे ठेवायचं हा प्रश्न कोणा इंजिनिअरला सुचणार नाही. तो बाईलाच सुचतो, म्हणून तिला आधी विचारायचं.

विचारलं तर काय होतं, तेही आपल्या महाराष्ट्रात घडलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, हजारो माणसं गेली. ५२ गावं पूर्ण नव्या जागी वसवली, सरळ रेषेत घरं, रुंद रस्ते, शहरासारखी आखणी. शेजार तुटला, गोठा लांब पडला अशा तक्रारी पुष्कळ झाल्या. पण दुरुस्तीच्या योजनेत वेगळी गोष्ट झाली. हजारभर गावांमध्ये घरं मूळ जागीच मजबूत करायची होती. तिथे स्वयम् शिक्षण प्रयोग ह्या संस्थेने, प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने, गावोगावच्या बायांना संवाद सहायक केलं. ज्या बाया ग्रामसभेत पदर ओढून मागे बसत होत्या, त्या दगडाच्या भिंतीत पट्टा कुठे घालायचा ते समजून घेऊन गवंड्याला सांगू लागल्या, सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब मागू लागल्या.

आज आपल्या वाड्यावाड्यांवर घरं होताहेत. प्रधानमंत्री आवास योजनेत २०१६ पासून कमीत कमी २५ चौरस मीटरचं घर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट, स्वयंपाकाची जागा धरून. कातकरी बायांसाठी २०२३ पासून जनमन योजना आहे, तीत घराला दोन लाख रुपये. ह्या योजनांमध्ये एकच एक नकाशा सक्तीचा नाही, हे नीट ऐकून ठेवा. ओटा हवा, चूल आत की बाहेर, दार कुठल्या बाजूला, हे आपण ठरवू शकतो. ठेकेदार म्हणेल असंच करावं लागतं, तर त्याला म्हणा, कागद दाखव. आणि आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे. गावातलं कोणतंही बांधकाम आधी तिथे मांडायला लावता येतं.

आम्ही काय केलं ते सांगतो. गेल्या रविवारी खळ्यात चुन्याने आमच्या बैठकीच्या खोलीचा आकार आखला, जेवढी आहे तेवढाच. मग त्यात बसून पाहिलं. दार मागच्या आंब्याकडे केलं, कारण तिथे सावली असते आणि तिथून विहिरीवर जाणाऱ्या बाया दिसतात. पायऱ्या तीनच्या पाच केल्या. समोर एक ओटा काढला, हात-दीड हात उंचीचा, पोराला घेऊन टेकता येईल असा. संडास कुठे यावर अर्धा तास भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. एक सासूबाई म्हणाल्या, "खिडकी एवढी खाली नको, बाहेरचे बघतील." त्यांची सून म्हणाली, "आपणही बाहेर बघू की!" खिडकी खालीच राहिली.

मग एका शाळकरी पोरीने ते सगळं वहीत उतरवून घेतलं, पावलांनी मापं मोजून. तो कागद आम्ही येत्या महिला ग्रामसभेत ठेवणार आहोत. किल्लीसाठी अर्ज दिलाय, ती अजून मिळालेली नाही, म्हणून पुढच्या मंगळवारची बैठक पुन्हा इथेच, ह्या पडवीत. येताना ज्यांच्या घरी मोजपट्टी आहे त्यांनी ती घेऊन या.